सेल्मरचं उबदार खुराडं

१९५० सालच्या जानेवारीतली गोष्ट. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण आदल्या जूनमध्ये पामरशी माझं लग्न झालं आणि ब्रेके कुटुंबातला तो माझा पहिला हिवाळा होता. मिनेसोटाचं अगदी वरचं टोक. कॅनडाची हद्द आमच्या गोठ्यापासून वीस मैलांवर. आमच्याकडे, फॅरनहाइटच्या मापाने, शून्याखाली तीस झालं की माणसं ‘जरा गार आहे’ म्हणायची, आणि चाळीस झालं की ‘कालच्यापेक्षा बरं आहे’ म्हणायची. तक्रार करणारा माणूस एकतर पाहुणा असायचा, नाही तर मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या चर्चचा.

घरात आम्ही चौघं. मी, पामर, त्याचा थोरला भाऊ सेल्मर आणि बहीण बोर्गहिल्ड. सेल्मर चव्वेचाळीस वर्षांचा, बोर्गहिल्ड एक्केचाळीसची. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. बोर्गहिल्ड घर चालवायची, गाईंचं दूध काढायची, सेल्मरची पत्रंसुद्धा तीच लिहायची, कारण सेल्मरचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. सेल्मर विचार करायचा. घरात कुणीतरी विचार करायला हवा, असं तो म्हणायचा.

त्या वर्षी त्याने कोंबड्यांचा विचार केला.

आमच्याकडे कोंबड्या आधीपासून होत्या, त्या बोर्गहिल्डच्या. वायनडॉट जातीच्या. पामरच्या आईने लग्न होऊन येताना डबाभर ओटमध्ये बारा अंडी पुरून आणली होती, त्यांचा हा वंश. दिसायला काही खास नाही. बुटक्या, गोल, आणि तुरा म्हणावा असा तुराच नाही. डोक्यावर चपटी खरखरीत लाल टोपी दाबून बसवल्यासारखी दिसायची. पण जानेवारीत अंडी द्यायच्या. वडिलांनी त्यांच्यासाठी खुराडं बांधलं होतं. दक्षिणेला खिडक्या, आणि छपराच्या लगत चार झरोके. आई गेली, वडील गेले, खुराडं राहिलं. बोर्गहिल्डचं म्हणावं असं त्या शेतावर तेवढंच होतं. जमीन भावांची होती.

सेल्मर कोंबडीपालनाचं एक मासिक मागवायचा. एका अंकाच्या मुखपृष्ठावर मिनॉर्का जातीचा कोंबडा होता. काळा कुळकुळीत, पांढऱ्या शुभ्र कानांचा, आणि डोक्यावर माझ्या पंजाएवढा लालभडक तुरा, त्याला सहा दाते. ही जात मूळची भूमध्य समुद्रातल्या एका बेटावरची, जिथे लोक जानेवारीत झाडावरची संत्री तोडतात. सेल्मरने तो अंक आठ दिवस जेवणाच्या टेबलावर उभा करून ठेवला. मग मिझुरीहून रेल्वेने पेट्या आल्या. तीन कोंबडे, चौदा कोंबड्या.

पामर म्हणाला, “सेल्मर, एवढा तुरा इथे कसा टिकायचा? आपले तर कान गळून पडतात.”

“त्यासाठी अक्कल लागते,” सेल्मर म्हणाला. “कोंबड्याला नाही, माणसाला.”

शहाणी माणसं अशा कोंबड्यांचे तुरे लहानपणीच कात्रीने छाटतात. पण सेल्मरला जानेवारीतल्या जिल्ह्याच्या कोंबड्यांच्या प्रदर्शनात जायचं होतं, आणि प्रदर्शनात तुऱ्यालाच गुण. म्हणून त्याने वायनडॉट कोंबड्यांना वडिलांच्या खुराड्यातून हुसकून मेंढ्यांच्या जुन्या गोठ्यात टाकलं. त्या गोठ्याला तीन भिंती होत्या. चौथ्या बाजूला, दक्षिणेकडे, बोर्गहिल्डने गोणपाटाचा पडदा लावला, तोही वरून हातभर उघडा.

नोव्हेंबरमध्ये चर्चच्या तळघरात लुटेफिस्कचं जेवण होतं. खारात भिजवून थलथलीत केलेला तो मासा खाताना माणसं एकतर गप्प बसतात, नाही तर शेखी मिरवतात. सेल्मर गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

“जानेवारीत चांदीचा चषक आपल्याकडे येतोय,” तो भर टेबलावर म्हणाला. “आणि एकदा तो आला की ते खुराडं कायमचं माझं. मग बोर्गहिल्डच्या त्या टोपीवाल्या म्हाताऱ्या खाटकाच्या ट्रकमध्ये.”

बोर्गहिल्ड बटाटे वाढत होती.

“आणि नाही आला तर?”

“नाही कसा येईल?”

“बटाटा घे. नाही आला तर?”

सेल्मरने चार टेबलांवरून नजर फिरवली. “तर खुराडं तुझं. आणि वसंत येईपर्यंत त्यातली घाण मी उपसेन. घ्या, सगळ्यांसमोर सांगतो.”

“ऐकलं हं आम्ही,” शेजारची गुंडा लीन म्हणाली. गुंडाने ऐकलं म्हणजे जिल्ह्याने ऐकलं. आमच्या टेलिफोनची तार एकच होती आणि त्या तारेवर आठ घरं होती. कुणाचीही घंटी वाजली की आठही जण फोन उचलायचे आणि श्वास रोखून ऐकायचे. गुंडा तेवढी श्वास रोखायची तसदी घेत नसे.

मग सेल्मर कामाला लागला. वडिलांचे चारही झरोके त्याने फळ्या ठोकून बंद केले. फटींत चिंध्या कोंबल्या, भिंतींना आतून डांबरी कागद लावला, दाराला मेंढीचं कातडं. मधोमध रॉकेलची शेगडी. ती पेटली की आतल्या कोंबड्या चोच वासून बसायच्या. रोज संध्याकाळी तुऱ्यांना व्हॅसलीन. मी कोंबडा सेल्मरच्या जुन्या लोकरी अंतर्वस्त्रात गुंडाळून मांडीवर धरायची आणि तो बोटाने एकेक दाता चोपडायचा. नव्या सुनेला सासरी काय काय करावं लागतं, याबद्दल माझ्या आईने मला बरंच सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं.

सकाळी सात वाजता सेल्मर गुंडाला फोन लावायचा. निमित्त हवामानाचं.

“आत पंचावन्न!” तो ओरडायचा.

“आणि बाहेर?”

“शून्याखाली बावीस.”

“मग मीच येते बाई तुझ्या खुराड्यात राहायला. माझ्या स्वयंपाकघरात बादलीतलं पाणी गोठलंय.”

“जागा नाही.”

तारेवर सहा-सात जण हसायचे, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी घरची कॉफी उतू जायची, तेही ऐकू यायचं.

डिसेंबरच्या सुरुवातीला बोर्गहिल्ड एकदा त्या खुराड्यात डोकावली. आली ती एप्रनला हात पुसत.

“सेल्मर, भिंतींना घाम सुटलाय.”

“ऊब आहे म्हटल्यावर घाम येणारच.”

“सतरा पक्षी श्वास सोडतात, तुझी शेगडी वाफ सोडते, आणि ते बाहेर जायला तू फट ठेवली नाहीस. थंडीने तुरा जात नाही, ओलीने जातो. वडिलांनी झरोके उगाच ठेवले होते का?”

“वडील मासिक वाचत नव्हते.”

“ओले केस घेऊन बाहेर गेलास की काय होतं?”

“कोंबड्यांना केस नसतात,” सेल्मर म्हणाला आणि विषय संपला असं त्याला वाटलं. मला खरं सांगायचं तर त्या वेळी सेल्मरचंच पटलं होतं. पंचावन्न ऐकलं की मलाही त्या कोंबड्यांचा हेवा वाटायचा.

त्याच महिन्यात तीन कोंबड्यांपैकी एक नापास झाला. तुरा मोठा होता, दाते सहाच होते, पण पुढच्या बाजूला कुणी अंगठा दाबल्यासारखा खळगा होता. परीक्षक अशा खळग्याला गुण कापतात. सेल्मरने तो कोंबडा पाय धरून स्वयंपाकघरात आणला. गुंडा कॉफीला बसली होती.

“घे बोर्गहिल्ड. तुला दिला. रविवारी सूप कर.”

“मला दिलास?”

“दिला म्हणजे दिला.”

“गुंडा, ऐकलंस?”

“मी नेहमीच ऐकते,” गुंडा म्हणाली.

रविवारी सूप झालं नाही. कोंबडा मेंढ्यांच्या गोठ्यात गेला, त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यांमध्ये. पामर त्याला अंगठेबहाद्दर म्हणायला लागला. पहिले दोन दिवस तो कोपऱ्यात थरथरत उभा राहिला. तिसऱ्या दिवशी कोंबड्यांनी त्याला मधल्या दांडीवर जागा दिली आणि चौथ्या दिवशी तो आरवला.

प्रदर्शनाचा अर्ज बोर्गहिल्डनेच भरला, दरवर्षीप्रमाणे. सेल्मर खुर्चीत मागे रेलून सांगत होता आणि ती लिहीत होती. काळा मिनॉर्का, नर, दोन. मालक सेल्मर ब्रेके. त्याचं सांगून संपलं तरी तिचं लिहिणं आणखी मिनिटभर चाललं होतं.

“एवढं काय लिहितेस?”

“माझ्याही दोन ओळी असतात दरवर्षी. कर सही.”

घरातल्या थोरल्याने सही करायची अशी रीत होती. सेल्मरने न वाचता केली.

प्रदर्शन शनिवारी होतं. त्या आठवड्यातल्या मंगळवारी पहाटे बाहेर शून्याखाली एक्केचाळीस झालं. वारा नव्हता. धुराडी सरळ रेषेत धूर सोडत होती आणि बर्फावरून चालताना काच फुटल्यासारखा आवाज यायचा. कॉफी पिऊन सेल्मर खुराड्याकडे गेला आणि पाच मिनिटांत परत येऊन म्हणाला, “पामर, कुऱ्हाड घेऊन ये.”

दार चौकटीला गोठून चिकटलं होतं. पामरने ते ठोकून सैल केलं. मीही मागे गेले होते. आत शेगडी विझलेली. रॉकेल अर्धं तसंच होतं, पण एवढ्या बंदिस्त खोलीत शेगडीला तरी श्वास कुठून मिळायचा? भिंतींवर, छपरावर, दांड्यांवर बोटभर पांढरा केसाळ बर्फ साठला होता. रोजचा तो घाम. दोन कोंबड्या मरून पडल्या होत्या. बाकीच्या फुगून बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरही तोच बर्फ होता. दोन्ही नरांचे तुरे मेणासारखे फिकट झाले होते. त्यांच्यावरचं व्हॅसलीन मात्र छान टिकलं होतं.

घरात फोन वाजला तो बाहेरपर्यंत ऐकू आला. सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सेल्मरने अजून आकडा सांगितला नव्हता. त्याने जाऊन फोन उचलला.

“आज किती रे?” गुंडाने विचारलं. आठ घरं ऐकत होती.

“बरं आहे,” सेल्मर म्हणाला. “तसं बरंच आहे.”

आमच्याकडे माणूस मरायला टेकला की असं म्हणतात. तारेवर कुणीच हसलं नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण सेल्मरने आजोबांचा उपाय काढला आणि गोठलेल्या तुऱ्यांना बर्फ चोळला. बोर्गहिल्ड म्हणाली, “नको चोळूस, नुसतं घरात आण, हळूहळू सुटेल.” त्याने चोळलाच. बुधवारी तुरे सुजले. गुरुवारी दात्यांची टोकं काळी पडली, तव्यावर विसरलेल्या लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या पोळीच्या, कडेसारखी.

गुरुवारी दुपारी मी मेंढ्यांच्या गोठ्यात अंडी गोळा करत होते. बोर्गहिल्ड पेंढा पसरत होती. आत बाहेरच्यापेक्षा फार काही ऊब नव्हती, पण सगळं कोरडं होतं. पेंढा हातात कुरकुरत होता. पडदा बाजूला करून सेल्मर आत आला. अंगठेबहाद्दर दांडीवर उभा होता. त्याचा तुरा ताठ, लालभडक, टोकापासून मुळापर्यंत अख्खा.

सेल्मर दांडीजवळ गेला.

“हा माझा कोंबडा,” तो म्हणाला.

“कुठला? रविवारच्या सूपमधला?”

“बोर्गहिल्ड, चेष्टा नको. मला हा शनिवारी हवाय.”

“आणि तू हा दाखवून चषक आणलास की माझ्या कोंबड्या कुठे जाणार?”

सेल्मरने पायाने पेंढा सरकवला. मग म्हणाला, “ते बोलायच्या भरात बोललो होतो.”

“चार टेबलांसमोर.”

“मी त्या ठेवीन. निम्म्या ठेवीन.”

“कुठल्या निम्म्या? पुढच्या की मागच्या?”

मी अंडी मोजायचं सोंग करत होते. बोर्गहिल्डने पेंढा उचलायचा काटा भिंतीला टेकवला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिचा आवाज नेहमीचाच होता.

“आईची कोंबडी आहे रे ती. प्रत्येक. त्यांना तू या उघड्या गोठ्यात काढलंस तेव्हा मी रात्रभर रडले. मेल्या असत्या तर तू म्हणाला असतास, बघ, जातच कमजोर. नाही मेल्या. आता हा कोंबडा शनिवारी जाईल, पण माझ्या नावावर. अर्जात लिहिलंय. खाली सही तुझी आहे.”

सेल्मर अंगठेबहाद्दरकडे बघत होता, आणि अंगठेबहाद्दर सेल्मरकडे. एवढा सन्माननीय पराभव पुरेसा होता. पण सेल्मर विचार करणारा माणूस.

शुक्रवारी तळघरातून लोणच्यातल्या बीटाची एक बरणी गायब झाली.

प्रदर्शन जिल्ह्याच्या गावी मोठ्या हॉलमध्ये भरलं होतं. दोनशे पिंजरे, लाकडाचा भुसा, बायकांच्या कॉफीच्या किटल्या आणि असा कलकलाट की माणसं खाणाखुणांनी बोलत होती. परीक्षक हॅस्केल डो नावाचे एक वाळके गृहस्थ होते, पांढरा कोट घातलेले. सेल्मरचा कोंबडा पिंजऱ्यात बसला होता. लांबून तुरा अप्रतिम दिसत होता. अंमळ जांभळट, पण अप्रतिम. दुसरा कोंबडा इतका बिघडला होता की तो घरीच ठेवला होता.

डो साहेबांनी कोंबडा बाहेर काढला, पंख उघडून पाहिले, पाय पाहिले, मग तुऱ्याजवळ नाक नेलं. थांबले. पुन्हा नाक नेलं.

“मिस्टर ब्रेके,” ते म्हणाले, “याला लवंगेचा वास येतोय.”

सेल्मर छपराकडे बघू लागला.

“आणि सिरक्याचा.” त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, तुऱ्यावरून फिरवला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. रुमाल ख्रिसमसच्या जेवणानंतरच्या रुमालासारखा बीटाने लालजांभळा झाला होता. “हा दाखवायला आणलाय की वाढायला?”

गुंडा लीन पुढच्याच रांगेत होती. “सेल्मर,” ती म्हणाली, “रेसिपी माझ्या आईची आहे ती. कोंबड्याला जरा साखर कमी पडलीय.”

हॉलमध्ये हसण्याचा जो कल्लोळ झाला त्याने दोनशे कोंबडे एकदम आरवायला लागले. डो साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पिंजऱ्यावर ‘बाद’ अशी चिठ्ठी अडकवली.

पुढचा पिंजरा अंगठेबहाद्दरचा होता. डो साहेबांनी खळग्यावर आपला अंगठा ठेवून बघितला, बरोबर बसला.

“दोष आहे,” ते म्हणाले.

“आहे,” बोर्गहिल्ड म्हणाली.

“पण या आठवड्यात मी पाहिलेला हा एकच अख्खा तुरा आहे. काय केलंत?”

“काही नाही. वरची बाजू उघडी ठेवली.”

त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि निळी फीत लावली. वर्गात तो एकटाच उरला होता, त्यामुळे पहिला आला. चांदीचा चषक काही कुणा ब्रेकेला मिळाला नाही. तो दुसऱ्या गावच्या एका दंतवैद्याच्या लठ्ठ पट्टेदार कोंबडीने नेला. बोर्गहिल्डला चषकाशी कर्तव्य नव्हतं. परतताना गाडीत ती पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती आणि खिडकीची काच बोटभर खाली केली होती. कुणी ‘थंडी वाजते’ म्हणालं नाही.

रविवारी दुपारी वायनडॉट कोंबड्या घरी परतल्या. पामरने झरोक्यांच्या फळ्या काढल्या. सेल्मरने फावडं घेतलं. तो एप्रिल अखेरपर्यंत दर शनिवारी घाण उपसत होता, आणि दर शनिवारी तारेवरचं कुणी ना कुणी त्याच वेळी अंडी घ्यायला यायचं. इतकी अंडी आमच्याकडून पुन्हा कधी खपली नाहीत.

त्या वसंतात बोर्गहिल्डने अंगठेबहाद्दर आपल्या वायनडॉट कोंबड्यांना लावला. सेल्मर म्हणाला, “शुद्ध रक्त बाटवतेस!” पिल्लं निघाली ती बहुतेक काळी, उंच, आणि सगळ्यांच्या डोक्यावर तीच चपटी टोपी. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी आमच्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी अंडी दिली.

सेल्मरचं पुढे चांगलं चाललं. दोन वर्षांनी त्याच मासिकात त्याचा लेख छापून आला: ‘थंड प्रदेशातील कोंबडीघर: कोरडेपणा हेच रहस्य’. त्यात तो लिहितो की, दीर्घ प्रयोगांती आपण या निष्कर्षाला आलो. लेख त्याने बोर्गहिल्डला सांगून लिहवून घेतला. ती शब्दन् शब्द लिहीत गेली. ‘दीर्घ प्रयोगांती’पाशी तिने एकदाच लेखणी उचलून विचारलं, “किती दीर्घ?” तो म्हणाला, “लिही गं.” त्या लेखाच्या जोरावर तो जिल्हा कोंबडीपालक संघाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ साली गेला. अंत्यविधीत पाद्री म्हणाले की सेल्मर काळाच्या पुढे होता. पामरला इतका खोकला आला की त्याला बाहेर जावं लागलं.

गुंडाला १९६१ साली स्वतंत्र तारेचा नवा टेलिफोन मिळाला. त्यात दुसऱ्याचं काहीच ऐकू येत नसे. ती म्हणायची, “यंत्र बिघडलंय.” दुसऱ्या वर्षी ती मुलीकडे फार्गोला गेली आणि तिथून पत्रं लिहायची, चौकशांनी भरलेली.

डो साहेब पुढची तीन वर्षं परीक्षक म्हणून आले, आणि दरवर्षी येताना आमच्या शेतावरून जायचे, जो रस्ता कुठल्याही अर्थाने वाटेवर नव्हता. बोर्गहिल्ड त्यांना कॉफी द्यायची. चौथ्या वर्षी आले नाहीत. ऑक्टोबरमध्येच गेल्याचं नंतर कळलं. बोर्गहिल्डने त्याबद्दल कधी काही बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अंगठेबहाद्दर नऊ वर्षं जगला. सूप झालं नाही. सफरचंदाच्या झाडाखाली पुरला.

पामर जाऊन आता बावीस वर्षं झाली. शेत माझ्या भाच्याने घेतलं, खुराडं पाडून तिथे ट्रक उभा केला. त्या कोंबड्यांचा वंश मात्र गुंडाच्या नातीकडे आहे असं ऐकते.

बोर्गहिल्ड शेवटची दोन वर्षं गावातल्या वृद्धाश्रमात होती. खोली बाराही महिने बहात्तर अंशांवर. खिडक्या उघडत नसत, तशी सोयच नव्हती. जानेवारीत मी भेटायला गेले की काचेवर आतून पाणी ओघळत असायचं. ती बिछान्यातून तिकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, “बघ गं. सेल्मर इथेही येऊन गेलेला दिसतोय.”